न उडालेला फ्यूज

फ्यूजच्या बाबतीत शुक्रा धोडीशी वाद घालायला आशागडच्या नाक्यावर कोणी धजत नसे. एरवी माणूस अगदी गरीब. गिऱ्हाईक दोन तास उशिरा आलं तरी हसायचा, गार झालेला चहाही मुकाट्याने प्यायचा. पण गाडीचा फ्यूजबॉक्स उघडला आणि फ्यूजच्या जागी तांब्याच्या वायरीचा तुकडा नाहीतर सिगारेटच्या पाकिटातली चांदी दिसली, की त्याचा आवाज चढायचा.

"फ्यूज हा गाडीतला सगळ्यात कच्चा माणूस," तो म्हणायचा. "तो कच्चा आहे म्हणून बाकीचे जगतात. त्याला पक्का केलास तर गाडी पेटेल, मग माझ्याकडे रडत येऊ नकोस."

शुक्रा मूळचा वेवजीचा. त्याचा बाप काकड्या जन्मभर दुसऱ्याच्या भातखाचरात आणि वीटभट्टीवर राबला. शुक्राने आश्रमशाळेत नववी काढली आणि वापीला एका गॅरेजात सामान उचलायला लागला. तिथल्या एका गुजराती मिस्त्रीने त्याच्या हाताची सफाई बघून त्याला वायरिंगच्या कामाला बसवलं. बारा वर्षांनी तो परत आला तेव्हा पुष्पाशी लग्न झालेलं होतं, आणि आशागडला रस्त्याकडेला पत्र्याची एक टपरी उभी करण्यापुरती पुंजी पदरी होती. टपरीवर त्याने निळ्या रंगात लिहिलं, 'येथे गाड्यांचे वायरिंग करून मिळेल'. पाटीची गरजच पडली नाही. डहाणू आणि तलासरी तालुक्यांत ज्या गाड्यांना शोरूमवाले हात लावायला तयार नसत, त्या सगळ्या जुन्यापान्या गाड्या शुक्राकडे येत. समुद्राच्या खाऱ्या हवेने फ्यूजच्या पायांवर हिरवट थर चढलेला असे, त्यांच्या खाचा सैल झालेल्या असत. शुक्रा एकेक खाच घासून काढायचा, झिजलेले फ्यूज फेकून नवे बसवायचा.

२०१७ च्या जानेवारीत वेवजीचा तुक्या आपली ओमनी घेऊन आला. गाडी सोळा वर्षांची. वेवजी ते तलासरी तो माणसं ने-आण करायचा, बाजारच्या दिवशी भाजीच्या पाट्याही. डावा दिवा मध्येच जायचा, हॉर्न कधी वाजायचा, कधी रुसायचा. शुक्राने स्टेअरिंगखालचं झाकण उघडलं आणि कपाळाला हात लावला. आठांपैकी तीन फ्यूजच्या जागी वायरी होत्या. एकाला चॉकलेटचा कागद गुंडाळला होता. फ्यूजच्या डबीचं प्लॅस्टिक एका कोपऱ्यात वितळून काळं पडलं होतं.

"तुक्या, तू यात माणसं बसवतोस?"

"चालते ना दादा. दोन वर्षं चालते."

"चालते म्हणून तर भीती वाटते."

शुक्राने अख्खी डबीच बदलली. नव्या डबीत नवेकोरे फ्यूज बसवले. लाल दहा अँपिअरचा, निळा पंधराचा, पिवळा विसाचा. ड्रायव्हरच्या सीटखाली इंजिनाशेजारून वायरींची एक जुडी मागे जात होती, तिची साल काही ठिकाणी पातळ झाली होती. तिथे त्याने टेप गुंडाळली आणि तुक्याला बोट लावून दाखवलं.

"ही जुडी पुढेमागे बदलावी लागेल. पण आता घाबरू नकोस. यातली वायर कुठे पत्र्याला घासलीच, तर हा लाल फ्यूज आधी मरेल. गाडी वाचेल."

तुक्या खूश होऊन गेला. जाताना हॉर्न वाजवत गेला.

बारा दिवसांनी सकाळी तो चालत आला. अंगातल्या सदऱ्याची एक बाही जळालेली. शुक्राने त्याला बघितलं आणि हातातली पक्कड तशीच धरून उभा राहिला.

"काय झालं रे?"

"गाडी गेली, दादा." तुक्या बाकड्यावर बसला. "काल तलासरीहून येताना. आधी वास आला. मी म्हटलं, शेतात कोणी पालापाचोळा जाळत असेल. मग सीट तापली. गाडी थांबवतोय तोवर पायाखालून जाळ."

"माणसं?"

"सगळी उतरली. मागे हिराबाई होती, तिला गुडघ्यांनी उतरता येईना. रूपीने तिला ओढून काढलं." रूपी ही तुक्याची बायको. "रूपीचा हात भाजलाय. कोपरापर्यंत."

तुक्या चिडला असता, त्याने शिव्या दिल्या असत्या, तर काहीतरी उत्तर सुचलं असतं. पण तुक्या नुसता त्याच्याकडे बघत होता. मग त्याने हळूच विचारलं,

"दादा, आता तर आत वायर नव्हती ना?"

दोघे शुक्राच्या मोटरसायकलवरून वेवजीला गेले. शुक्राच्या डोक्यात एकच चक्र फिरत होतं. तुक्याने मध्ये कुणाला तरी गाडी दाखवली असेल. कोणीतरी हात घातला असेल. फ्यूज उडाला असेल आणि त्याच्या जागी परत वायर ठोकली असेल. असंच असणार. दुसरं काही असूच शकत नाही.

गावाआधीच्या चढाच्या खाली, रस्त्याच्या कडेला ओमनी उभी होती. म्हणजे तिचा सांगाडा. टायर जळून तारा उघड्या पडल्या होत्या. पुढच्या सीटांच्या नुसत्या स्प्रिंगा उरल्या होत्या. पण आगीने उजवा कोपरा निम्माच खाल्ला होता. स्टेअरिंगखाली शुक्राने बसवलेली डबी अर्धी वितळून खाली ओघळली होती, अर्धी शाबूत होती. तो गुडघ्यांवर बसला. काजळीत बोटं घालून त्याने चाचपडत लाल फ्यूज शोधला आणि चिमट्याने ओढून काढला.

त्याचं प्लॅस्टिक फुगून वाकडं झालं होतं. वरचा दहाचा आकडा अजून वाचता येत होता. शुक्राने तो उन्हात धरला.

आतली पट्टी अखंड होती.

त्याने फ्यूज सदऱ्याला पुसला आणि परत बघितला. मग खिशातला वायर तपासायचा मीटर लावला. मीटर वाजला. म्हणजे या क्षणीही या फ्यूजमधून वीज सुखाने जाऊ शकत होती. त्याच्या मागची वायर जळून कोळसा झाली होती, गाडी जळाली होती, बाईचा हात जळाला होता, आणि ज्याने सगळ्यांच्या आधी मरायचं तो जिवंत होता.

"काय दिसलं?" तुक्याने विचारलं.

"माझाच आहे," शुक्रा म्हणाला. एवढंच बोलून तो रस्त्याच्या कडेला बसला.

टपरीवर परत आल्यावर त्याने फळीवरचा प्लॅस्टिकचा डबा खाली काढला. दिवाळीनंतर डहाणू रोडला स्टेशनबाहेरच्या एका दुकानातून आणलेला. सीलबंद, छान कप्प्याकप्प्यांचा, शंभर फ्यूजचा. तीन महिन्यांत त्यातले अर्ध्याहून जास्त संपले होते. त्याने एक लाल उचलला, दोन जाड वायरींच्या मध्ये अडकवला आणि वायरींची टोकं सरळ बॅटरीला लावली.

खरा फ्यूज असता तर डोळ्याची पापणी लवायच्या आत 'टच' करून उडाला असता. हा उडाला नाही. आधी पट्टी लाल झाली. मग प्लॅस्टिकला फोड आले, धूर निघाला. शुक्राच्या हातातल्या वायरी तापायला लागल्या. तो बघतच राहिला. वायरीची साल त्याच्या बोटांना चिकटली तेव्हा कुठे तो भानावर आला आणि त्याने हात झटकला. फ्यूज जमिनीवर पडला. प्लॅस्टिक वितळून गळून गेलं होतं आणि पट्टी तशीच होती.

त्याने दुसरा लावला. तेच. निळा लावला. तेच. जुन्या खोक्याच्या तळाशी वापीहून आणलेले दोन फ्यूज सापडले, त्यातला एक लावला, तर 'टच'. क्षणात गेला. शुक्राने दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवल्या. वापीची पट्टी केसासारखी, मध्ये बारीक कंबर असलेली. डब्यातली जाडजूड, सरळ. वर दहाचा आकडा, आत वायरच.

वीस वर्षं ज्या गोष्टीसाठी तो लोकांवर ओरडत आला, तीच गोष्ट त्याने स्वतःच्या हाताने, नव्या चकचकीत रंगात, गाड्यांमध्ये बसवली होती. आणि वर छातीठोकपणे सांगितलं होतं की आता घाबरू नका.

एकाएकी त्याला प्रविणची आठवण झाली.

प्रविणच्या ओमनीचे फ्यूज त्याने मागच्याच आठवड्यात बदलले होते. प्रविण आशागडची मुलं डहाणूच्या शाळेत सोडायचा. शुक्राने भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. एक वाजून पाच मिनिटं. शाळा एकला सुटायची. टपरी उघडी टाकून त्याने मोटरसायकलला किक मारली.

गाडी त्याला अर्ध्या वाटेत समोरून येताना दिसली. शुक्राने मोटरसायकल रस्त्यात आडवी घातली. प्रविणने करकचून ब्रेक मारला आणि खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"शुक्राभाऊ, वेड लागलं का? पोरं आहेत गाडीत!"

"गाडी बंद कर. पोरांना उतरव."

"का पण?"

"आधी उतरव. मग सांगतो. तुझ्या पाया पडतो, उतरव."

प्रविणने त्याचा चेहरा बघितला आणि दार उघडलं. अकरा मुलं दप्तरं घेऊन चिंचेखाली उभी राहिली. शुक्राने आत वाकून एकेक फ्यूज उपटून काढला आणि खिशात टाकला. बसवायला खरे फ्यूज हाताशी नव्हते, त्यामुळे गाडी तिथेच राहिली. मुलं दोन टमटममधून घरी गेली. प्रविणला सगळी हकीगत कळली तेव्हा त्याने सगळ्यात आधी सीटखाली हात घालून बघितला, जणू अजून तिथे गरम लागेल.

"तीन फेऱ्या होतात माझ्या रोजच्या," तो म्हणाला. "शुक्राभाऊ, रोजच्या तीन."

दुसऱ्या दिवशी शुक्रा दवाखान्यात रूपीला भेटायला गेला. ती खाटेवर बसली होती, उजवा हात पांढऱ्या पट्ट्यांत. तुक्या शेजारी उभा. शुक्राने काही लपवलं नाही. फ्यूज कुठून आणले, बॅटरीवर लावल्यावर काय झालं, सगळं सांगितलं. त्याला वाटलं होतं, ती म्हणेल की दादा, तुझा काय दोष, तुला दुकानदाराने फसवलं. मनातून त्याला तेच ऐकायचं होतं.

रूपीने शांतपणे ऐकून घेतलं.

"इथे सुई टोचायच्या आधी ती नर्सबाई बाटली वाचते," ती म्हणाली. "दरवेळी वाचते. तू काय वाचलंस, दादा?"

"वरचा आकडा."

"आकडा कोणीही लिहील."

"हो."

"काल लावून बघितलास, तसं आधी एकदा बघता आलं नसतं?"

बघता आलं असतं. एक फ्यूज, दोन वायरी, एक बॅटरी. पापणी लवण्याएवढा वेळ. वीस वर्षांत त्याच्या मनात एकदाही आलं नव्हतं. तो मान खाली घालून उभा राहिला. रूपीने डोळे मिटून घेतले. रागावली की नुसती दमली, ते त्याला कळलं नाही, आणि विचारायची हिंमतही झाली नाही.

दवाखान्यातून तो तडक वापीला गेला. नवे फ्यूज घेतले आणि दुकानासमोरच्या फूटपाथवरच प्रत्येक पाकिटातला एकेक जाळून बघितला. लोक थांबून बघत होते. सगळे 'टच' करून उडाले, तेव्हा त्याने बाकीचे पिशवीत भरले.

घरी पुष्पाने त्याला जेवायला वाढलं, पण घास उतरेना. दिवाळीपासून कोणकोणत्या गाड्यांना हात लावला ते आठवायचं होतं. त्याने कधी काही लिहून ठेवलं नव्हतं. त्याला माणसांची नावं आठवत नसत, गाड्या आठवत. पुष्पाने घराच्या पत्र्याच्या दारावर खडूने लिहायला घेतलं. पांढरी एट हंड्रेड, मागची काच फुटकी. हिरवी जीप, गंजाडची, बैलाचं चित्र. झरीच्या मास्तरांची गाडी. वायपर चालत नव्हता ती उधव्याची ओमनी. दार भरत आलं तेव्हा एकूण तेवीस गाड्या झाल्या.

पुष्पा खडू ठेवून म्हणाली, "तू दारोदार जाऊन सांगणार, की मी खोटा माल बसवला?"

"हो."

"लोक परत येतील तुझ्याकडे?"

"नाही येणार कदाचित."

"मग निघायच्या आधी जेवून तरी जा," ती म्हणाली आणि ताटात आणखी एक भाकरी वाढली.

सगळ्यात आधी तो डहाणू रोडला त्या दुकानात गेला. सोबत बॅटरी आणि वायरी. दुकानदार चिमणभाई, वयस्कर, सरळ माणूस, वर्षानुवर्षांची ओळख. शुक्राने सांगितल्यावर तो आधी हसला.

"अरे भाई, सीलबंद डबा येतो. मी काय फोडून बघू?"

शुक्राने दुकानाच्या पायरीवर बॅटरी ठेवली. चिमणभाईंच्याच फळीवरचा एक डबा उघडायला लावला, त्यांनाच एक फ्यूज निवडायला सांगितला, आणि लावला. पट्टी लाल झाली. प्लॅस्टिक गळलं. धूर दुकानात शिरला. चिमणभाईंच्या चेहऱ्यावरचं हसू तिथेच थिजलं.

"हे... हे माझ्या जावयाच्या गाडीतही आहेत," ते म्हणाले.

त्यांनी फळीवरचे सगळे डबे आपल्या हाताने खाली काढले. माल देणाऱ्या माणसाला फोन लावला, तो लागला नाही. पुढेही कधी लागला नाही. शुक्राने पोलीस चौकीत लेखी तक्रार दिली. अर्जावर शिक्का मिळाला, त्यापुढे काय झालं ते त्याला कधी कळलं नाही.

मग पंधरा दिवस तो फिरत राहिला. गंजाड, कासा, उधवा, झरी, पार सीमेपलीकडे उंबरगावपर्यंत. प्रत्येक ठिकाणी तेच. गाडीच्या मालकाला हाक मारायची, झाकण उघडायचं, आणि सांगायचं. कोणी पाणी पाजलं. कोणी "मग माझी गाडी का नाही जळाली?" म्हणून थट्टा केली. गंजाडच्या जीपवाल्याने त्याची गचांडी धरली, कारण मागच्या रविवारी त्याच गाडीतून त्याने लग्नाचं वऱ्हाड नेलं होतं. झरीचे मास्तर ऐकून खुर्चीत बसले ते बराच वेळ उठलेच नाहीत. त्यांच्या गाडीतला एक फ्यूज काढला तेव्हा तो एका बाजूने पिवळा पडून फुगलेला होता. मागची वायर हाताला लागताच तिची साल पापडासारखी गळून पडली. आणखी एखादा आठवडा, फार तर दोन, आणि गाडी पेटली असती. शुक्राने ती वायर मास्तरांना दाखवली नाही. गुपचूप नवी टाकली आणि जुनी खिशात घातली.

त्या वर्षी टपरीवर गिऱ्हाईक रोडावलं. लोक म्हणत, खोटा माल लावणारा तो हाच. पुष्पाच्या अंगणवाडीतल्या मदतनिसाच्या पगारावर घर चाललं. नंतर हळूहळू लोक यायला लागले, बहुतेक जण प्रविणच्या सांगण्यावरून. आता प्रत्येक नव्या पाकिटातला एक फ्यूज शुक्रा गिऱ्हाइकासमोर जाळायचा. काहींना ती गंमत वाटे. शुक्रा मात्र हसत नसे. तारा बॅटरीला टेकवताना दरवेळी त्याचा श्वास अडके, आणि 'टच' ऐकू आल्यावरच सुटे.

रूपीचा हात बरा झाला, पण दोन बोटं पुरती वळत नाहीत. लावणीला ती आता डाव्या हाताने रोप खोचते. तुक्या दुसऱ्याची जीप चालवतो. शुक्राने त्या जीपचं सगळं वायरिंग नव्याने करून दिलं. रूपी एकदा ते काम बघायला आली होती. तिने फक्त विचारलं, "जाळून बघितलास?" शुक्राने हो म्हटलं. ती मान हलवून निघून गेली.

तेविसांतली बावीस वाहनं महिन्याभरात सापडली. एक एट हंड्रेड राहिली, जांभळट लाल रंगाची. तिचा मालक ती विकून सुरतेला गेला होता. घेणाऱ्यानेही ती पुढे विकली होती. शुक्रा जाईल तिथे विचारत असे. हायवेवर तशा रंगाची गाडी दिसली की मागे जाऊन नंबर बघत असे.

२०१८ च्या डिसेंबरात कोणीतरी सांगितलं, सायवनच्या पुढे एका पाड्यावर तशी गाडी आहे. शुक्रा त्याच दिवशी गेला. घराच्या मागे फणसाखाली ती उभी होती, चार दगडांवर, चाकं नसलेली. काचा नव्हत्या. आत मागच्या सीटवर दोन कोंबड्या अंडी उबवत बसल्या होत्या. घरातून पुतळी नावाची एक म्हातारी बाहेर आली.

"मुलाने आणली होती. इंजिन बसलं. आता कोंबड्यांना झाली," ती म्हणाली. "तुला पाहिजे का?"

"गाडी नको, आजी. आतलं जरासं काढून नेऊ का?"

"काय काढणार? बॅटरीसुद्धा विकली त्याने."

शुक्रा दार उघडून आत वाकला. एक कोंबडी कलकलाट करत त्याच्या खांद्यावरून उडाली. झाकणावर कोळ्याची जाळी होती. आतले सहाही फ्यूज तिथेच होते, त्याने बसवले होते तसे, रंगही उतरलेला नव्हता. त्याने एकेक काढून तळहातावर घेतला.

"यातून आता काय होणार होतं रे?" म्हातारीने विचारलं.

"काही नाही, आजी."

"मग एवढ्या लांब आलास कशाला?"

"बावीस सापडल्या होत्या, आजी. ही तेविसावी." त्याने फ्यूज रुमालात बांधले. म्हातारीने त्याला ओट्यावर बसवून पाण्याचा तांब्या दिला. त्याने तो एका दमात रिकामा केला. म्हातारीने ते बघितलं, आत गेली आणि दुसरा तांब्या भरून आणला.